प्रलयानंतर ताटात काय? जगबुडीनंतरच्या काही ॲनिमेंविषयी

जग बुडाल्यानंतरच्या काळात घडणाऱ्या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांची संख्या आता इतकी झाली आहे की ‘यातली कोणती पाहू?’ या प्रश्नाला नुसती नावांची जंत्री देऊन भागत नाही. पडक्या इमारती, गंजलेली वाहने आणि क्षितिजाकडे पाहत उभा असलेला एकाकी नायक हे सगळे कोणताही बरा चित्रकार काढू शकतो आणि पहिल्या भागापुरता प्रेक्षक त्याला भुलतोही. अशी मालिका हाती घेतली की मी तिला एक साधा, स्वयंपाकघरातला प्रश्न विचारतो: ही माणसे खातात काय आणि ते येते कोठून? ज्या लेखकाने याचे उत्तर शोधले आहे, त्याने बाकीचे जगही विचारपूर्वक रचलेले असते. ज्याने ते टाळले आहे, त्याचा प्रलय बहुधा नेपथ्यापुरताच असतो. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी सोसला ती माणसे आजही त्याची आठवण पावसाच्या आकड्यांनी सांगत नाहीत, सुकडीने आणि मिलो ज्वारीच्या भाकरीने सांगतात. तेव्हा ही कसोटी मराठी वाचकाला फारशी विचित्र वाटू नये.

या कसोटीवर पहिली शिफारस सर्वांत जुन्या मालिकेची. ‘फ्यूचर बॉय कोनान’ १९७८ मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीवर २६ भागांत प्रसारित झाली. अलेक्झांडर की या अमेरिकी लेखकाच्या कादंबरीवर ती बेतलेली असून हायाओ मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाच्या कारकिर्दीतले हे पहिले मोठे काम आहे. निर्मिती निप्पॉन ॲनिमेशनची. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ज्यांनी रविवार सकाळी मोगली पाहिला, त्यांना ही संस्था नावाने नसली तरी हाताने ओळखीची आहे, कारण तो मोगलीही तिनेच घडवलेला. कथेनुसार २००८ च्या जुलैमध्ये अणुबॉम्बहूनही भयंकर अशा चुंबकीय अस्त्रांनी अर्धे जग क्षणात नष्ट होते, पृथ्वीचा आस कलतो आणि खंड समुद्रात बुडतात. त्यानंतर वीस वर्षांनी, एका लहानशा बेटावर म्हाताऱ्या आजोबांसोबत वाढलेला कोनान नावाचा मुलगा भाला घेऊन समुद्रात उडी मारतो आणि शार्क मारून आणतो. पहिल्या भागातल्या पहिल्या काही मिनिटांतच खाण्याचा प्रश्न असा निकालात निघतो.

पण मालिकेची खरी हुशारी पुढे कळते. बुडालेल्या जगातून वाचलेले इंडस्ट्रिया नावाचे एक शहर आहे. तिथे जुनी यंत्रे अजून धडपडत चालू आहेत, ऊर्जा संपत आली आहे आणि जहाजे पाठवून ठिकठिकाणचे जुने प्लास्टिक गोळा केले जाते, कारण त्याच प्लास्टिकपासून तिथे पाव तयार होतो. १९७८ साली लहान मुलांसाठी केलेल्या मालिकेत प्लास्टिकचा पाव दाखवणे ही कल्पना आजही अंगावर येते. या पावाच्या मागे संपूर्ण राज्यव्यवस्था उभी आहे: वर अधिकारी, खाली जमिनीच्या पोटात दडपलेली कष्टकरी वस्ती आणि सौरऊर्जेचे रहस्य जाणणाऱ्या डॉ. लाओ यांच्या शोधात वणवण फिरणारे सैनिक. याच्या अगदी उलट टोकाला हाय हार्बर हे गाव येते, जिथे गहू पिकतो, मासे धरले जातात आणि जो तो काही ना काही काम करून आपल्या वाट्याचे मिळवतो. कोनानचा मित्र जिम्सी हा खादाडपणाचा मूर्तिमंत नमुना असून त्याच्यासारखा मनापासून जेवणारा मुलगा मला ॲनिमेत दुसरा सापडलेला नाही. हाय हार्बर जरा जास्तच गोड रंगवले आहे, हे मान्य करायला हवे. तिथली भांडणे फार लवकर मिटतात. कोनान स्वतःही इतका दणकट आहे की तो उंच मनोऱ्यावरून उडी मारून पायांवर उभा राहतो तेव्हा काळजी वाटेनाशी होते. तरीही दहा-बारा वर्षांच्या मुलांना सोबत घेऊन पाहण्यासाठी याहून चांगली मालिका या प्रकारात मला माहीत नाही.

मियाझाकींचा ‘नौसिका ऑफ द व्हॅली ऑफ द विंड’ हा १९८४ चा चित्रपट याच विचाराची पुढची पायरी आहे. मियाझाकींच्या स्टुडिओ जिबलीची स्थापना १९८५ ची. त्यामुळे जिबलीच्या यादीत मानाने मिरवणारा हा चित्रपट प्रत्यक्षात टॉपक्राफ्ट या स्टुडिओत तयार झाला. सात दिवसांच्या अग्नितांडवाने संस्कृती संपल्यानंतर हजार वर्षांनी पृथ्वीवर विषारी बुरशीचे अरण्य पसरत चालले आहे आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे एक लहानसे खोरे तेवढे त्यापासून वाचले आहे. पवनचक्क्या पाणी उपसतात, म्हातारी माणसे बागांतली झाडे जपतात आणि एक बीजाणू कुठे चिकटला तर अख्खी बाग जाळावी लागते. अन्न किती नाजूक धाग्यावर टांगलेले आहे, हे या एका प्रसंगात जितके कळते तितके दहा मिनिटांच्या निवेदनाने कळले नसते. नौसिका तळघरात गुपचूप हीच विषारी झाडे स्वच्छ पाण्यावर आणि स्वच्छ मातीत वाढवून पाहते आणि ती निर्विष निघतात. दोष झाडाचा नसून जमिनीचा आहे हा निष्कर्ष ती प्रयोगातून काढते, कोणी साधू येऊन सांगत नाही. मिनामाताच्या उपसागरात पाऱ्याच्या प्रदूषणामुळे मासेमारी थांबल्यावर तिथे मासे पुन्हा वाढले, या बातमीचा आपल्यावर परिणाम झाला होता असे मियाझाकींनी सांगितले आहे, आणि चित्रपट पाहताना ते पटते. शेवटचा चमत्कार मात्र मला फार सोपा वाटतो. मियाझाकींनी हीच कथा मंगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या रूपात १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे, सात खंडांत चालू ठेवली. तिचा शेवट कितीतरी कडवट आणि प्रामाणिक आहे, तेव्हा चित्रपट आवडल्यास मंगा अवश्य वाचावी.

‘अटॅक ऑन टायटन’ची शिफारस करण्याची गरज उरलेली नाही, ती ज्यांना पाहायची होती त्यांनी पाहिली आहे. माझ्या कसोटीच्या संदर्भात एवढेच सांगतो की नरभक्षक राक्षसांपासून माणसांना वाचवणारी बाहेरची भिंत पडल्यावर निर्वासितांना पोसण्याइतके धान्य नाही म्हणून सरकार सुमारे अडीच लाख माणसांना ‘मोहिमे’च्या नावाखाली राक्षसांच्या तोंडी पाठवते, हा तपशील पहिल्या काही भागांत झरकन येऊन जातो आणि कोणत्याही राक्षसापेक्षा तोच जास्त भेडसावतो.

‘डॉ. स्टोन’ हा अगदी वेगळा मामला आहे. २०१९ पासून सुरू झालेल्या या मालिकेत सगळी मानवजात एका क्षणी दगड होते आणि तब्बल ३७०० वर्षांनी सेन्कू नावाचा विज्ञानवेडा मुलगा त्यातून बाहेर पडतो. वटवाघळांच्या गुहेतले नायट्रिक आम्ल आणि द्राक्षांच्या मद्यातून काढलेले अल्कोहोल यांच्या मिश्रणाने तो दगडातल्या माणसांना जागे करतो आणि शून्यापासून साबण, लोखंड, काच, सल्फा औषध असा प्रवास सुरू होतो. अन्नाच्या बाबतीत तिची शैली मजेदार आहे. लोखंड वितळवण्यासाठी भात्यावर माणसे हवीत आणि गावकरी तर दाद देत नाहीत, तेव्हा सेन्कू रानगवताच्या बारीक दाण्यांचे पीठ करून त्याच्या शेवयांचे रामेन शिजवतो. आधुनिक जिभेला कडवट लागणारे ते रामेन असले काही कधी न चाखलेल्या गावाला स्वर्गीय वाटते आणि मजुरीचा प्रश्न सुटतो. पुढे एका जादूगाराला वश करण्यासाठी मध, लिंबू, फसफसते पाणी आणि चक्क कोथिंबीर घालून कोला बनवला जातो. आपल्याकडे भाजीवाल्याकडून हक्काने फुकट मागून घेतलेल्या कोथिंबिरीला असा राजनैतिक उपयोग असेल, हे कोणाच्या मनातही आले नसेल. सेन्कूला जे लागेल ते नेमके आसपास सापडते हे खरे आहे, प्रत्येक शोधानंतर पात्रांचे डोळे बाहेर आणणारा आरडाओरडा काही वेळाने कंटाळवाणा होतो आणि स्त्रीपात्रांचे चित्रण कुमारांच्या साप्ताहिकाला साजेसे आहे. तरी नववी-दहावीत रसायनशास्त्राचा धसका घेतलेल्या मुलाला ही मालिका दाखवावी.

‘गर्ल्स लास्ट टूर’ या २०१७ मधील बारा भागांच्या मालिकेशी मात्र जरा थांबायला हवे, कारण मला विचाराल तर या प्रकारातले सर्वांत पूर्ण काम तेच आहे. त्सुकुमिझु यांच्या मंगावरून व्हाइट फॉक्स या स्टुडिओने ती केली असून दिग्दर्शन ताकाहारू ओझाकी यांचे आहे. मजल्यावर मजले चढवत गेलेल्या, आकाशाला भिडलेल्या एका प्रचंड निर्मनुष्य शहरातून चितो आणि युरी या दोन मुली वरवर जात राहतात. त्यांचे वाहन म्हणजे केटेनक्राड, दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने वापरलेली, पुढे मोटारसायकलचे चाक आणि मागे रणगाड्याचे पट्टे असलेली गाडी. चितो ती चालवते, पुस्तके वाचते, रोजनिशी लिहिते. युरी मागे सामानात लोळते, बंदूक सांभाळते आणि सतत भुकेलेली असते. कथानक म्हणून सांगण्यासारखे याहून फारसे काही नाही. इंधन मिळेल का, आज झोपायचे कुठे, डब्यात किती उरले आहे, या तीन प्रश्नांवर मालिका चालते आणि एवढ्या थोड्या भांडवलावर ती जे साधते ते थक्क करणारे आहे.

पहिल्याच भागात त्या दोघींना युद्धसामग्रीच्या ढिगाऱ्यात सैनिकांच्या शिध्याच्या वड्या सापडतात. एका वडीवर चॉकलेटची चव असे लिहिलेले असते, पण चॉकलेट म्हणजे काय हे दोघींनाही माहीत नाही. माणसे युद्ध का करायची यावर त्यांची निवांत चर्चा चालते. सर्वांना पुरेसे नव्हते म्हणून, असे काहीसे उत्तर निघते. वाटणी झाल्यावर एक वडी जास्तीची उरते आणि युरी शांतपणे बंदूक उचलून चितोवर रोखते, ती वडी उचलते आणि खाऊन टाकते. क्षणभर आपण श्वास रोखून बसतो. मग चितो तिला बदडून काढते आणि गाडी पुढे निघते. तो प्रसंग थट्टा होता की नव्हता, हे मालिका कधीच स्पष्ट करत नाही. युद्धावरचे इतके नेमके भाष्य, तेही दोन मुली आणि एक वडी एवढ्या साहित्यात, मी अन्यत्र पाहिलेले नाही.

सातव्या भागात याला जोड देणारा प्रसंग येतो. जुन्या अन्नकारखान्यात त्यांना बटाट्याचे पीठ सापडते आणि साखर व मीठ घालून त्या स्वतःच वड्या करतात. आजवर त्यांनी खाल्लेल्यातले बहुतेक कोणा अज्ञात माणसाने केव्हातरी करून ठेवलेले होते; इथे वड्या त्या स्वतःच्या हाताने करतात आणि गरम वडी तोंडात टाकताना त्यांच्या लाडवासारख्या गोल चेहऱ्यांवर जे उमटते त्याला संवादांची गरज पडत नाही. नवव्या भागात तर ही कसोटीच उलटी होते. एका टाकीत एकच मासा उरला आहे, बहुधा पृथ्वीवरचा शेवटचा, आणि त्याची निगा राखणारा यंत्रमानव त्यांना जीव म्हणजे काय हे समजावू पाहतो. मासा दिसला की तोंडाला पाणी सुटणारी युरी तिथे काय करते ते मी सांगत नाही. तो भाग प्रत्यक्षच पाहावा.

तांत्रिक अंगांपैकी ध्वनीचा खास उल्लेख करायला हवा. पाचव्या भागात पाऊस थांबेपर्यंत आडोशाला बसलेल्या दोघी हेल्मेट आणि रिकामे डबे थेंबांखाली मांडत जातात आणि टपटपीतून हळूहळू ठेका, ठेक्यातून गाणे तयार होते. हा भाग मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणे म्हणजे वाया घालवणे आहे. तक्रार करायचीच तर इंधन त्यांना वेळेवर जरा जास्तच सहज मिळते एवढी करता येईल. ज्यांना दर भागाच्या शेवटी धक्का हवा असतो त्यांनी या वाटेला जाऊ नये. मंगा सहा खंडांची असून मालिका तिच्या शेवटापर्यंत पोहोचत नाही. शेवट वाचायचा की नाही, हे आपापल्या मनाची ताकद पाहून ठरवावे.

‘फ्रॉम द न्यू वर्ल्ड’ या २०१२-१३ च्या २५ भागांच्या मालिकेला वरील प्रश्न विचारला तर सुरुवातीला ती अनुत्तीर्ण झाल्यासारखी वाटते. युसुके किशी यांच्या कादंबरीवर आधारित ही कथा हजार वर्षांनंतरच्या जपानमध्ये, कामिसू ६६ नावाच्या वस्तीत घडते. तिथे भातखाचरे डोलत आहेत, कालव्यांतून होड्या फिरतात, संध्याकाळी घरी परतण्याची संथ धून वाजते आणि कोणी उपाशी नाही. प्रत्येक माणसाला मनाच्या बळावर वस्तू हलवण्याची शक्ती आहे, म्हणजे कष्टही फारसे नाहीत. मग प्रश्न थोडा बदलून विचारावा लागतो: हे सुख कोणाच्या जिवावर चालले आहे? वस्तीबाहेर बाकेनेझुमी नावाचे उंदरासारखे, बोलणारे, शेतीभाती आणि लढाया करणारे प्राणी राहतात. ते माणसांना देव म्हणतात आणि देवांची पडेल ती कामे करतात. वर्गातली काही मुले हळूहळू दिसेनाशी होतात आणि त्यांच्याविषयी कोणी विचारत नाही. साकी ही नायिका बारा, चौदा आणि सव्वीस अशा तीन वयांत आपल्यासमोर येते आणि प्रत्येक टप्प्यावर या वस्तीच्या पायाखालची एकेक फरशी उचलली जाते.

या मालिकेचे सुरुवातीचे चार-पाच भाग नेटाने काढावे लागतात, हे आधीच सांगितलेले बरे. माहितीचा भडिमार होतो, मध्येमध्ये चित्रांकनाचा दर्जा चांगलाच घसरतो आणि काही चौकटी घाईत उरकल्याचे स्पष्ट कळते. पण हजारो वर्षे हलकी कामे दुसऱ्यावर ढकलून स्वतःला श्रेष्ठ म्हणवणाऱ्या समाजव्यवस्था ज्यांच्या अंगणातल्या आहेत, अशा आपल्यासारख्यांना शेवटचे पाच भाग विशेष झोंबतील. शेवटच्या भागातले एक साधे वाक्य ऐकून सगळी मालिका मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून पाहावी लागते. लहान मुलांसाठी ती नाही. हिंसाही आहे आणि लैंगिक संबंधांचे उल्लेखही.

या यादीत ‘अकिरा’ आणि ‘इव्हँजेलियन’ का नाहीत, असे कोणी विचारेल. दोन्ही कृती थोरच आहेत. पण १९८८ च्या ‘अकिरा’मध्ये स्फोटानंतरचे निओ-टोकियो पुन्हा दिव्यांनी झगमगते आहे आणि ‘इव्हँजेलियन’मध्ये निम्मी मानवजात संपूनही मिसातो या पात्राचा फ्रिज बिअरच्या डब्यांनी गच्च भरलेला आहे. त्यांचा प्रलय मनाच्या आतला आहे आणि त्यासाठी वेगळा लेख लागेल.

ताज्या मालिकांपैकी २०२५ मधील ‘अपोकॅलिप्स हॉटेल’ने मला अनपेक्षित आनंद दिला. माणसे पृथ्वी सोडून गेली आहेत आणि टोकियोच्या गिन्झा भागातले गिंगारो हे हॉटेल यंत्रमानव शतकानुशतके चालवत आहेत: रोज चादरी बदलतात, रोज पाहुण्यांची वाट पाहतात. ज्यांना स्वतःला भूक लागत नाही अशांनी इतरांसाठी पानपाणी मांडून ठेवावे, ही कल्पना मूळ प्रश्नाला सुरेख बगल देते. व्यवस्थापनाची धुरा वाहणारी याचियो शॅम्पू करताना घालायच्या एका हरवलेल्या टोपीवरून पहिल्या भागात जो गहजब करते, त्यावरून हॉटेलात काम केलेल्या कोणालाही आपला एखादा वरिष्ठ आठवेल. पुढे परग्रहावरचे पाहुणे येतात, हॉटेलची स्वतःची व्हिस्की गाळली जाते आणि दोन भागांच्या मध्ये पन्नास-शंभर वर्षे सहज उलटतात. बारा भागांतले एक-दोन निव्वळ धुडगूस आहेत, पण अकराव्या भागात याचियोला सुट्टी मिळते आणि ती ओसाड टोकियोत भटकते, तो जवळजवळ निःशब्द भाग साऱ्याची भरपाई करतो.

२०२३ ची ‘हेवनली डिल्यूजन’ ही तेरा भागांची मालिका अनेक जण पहिल्या क्रमांकावर ठेवतात. प्रॉडक्शन आय.जी.चे चित्रांकन तिथे खरोखर अव्वल आहे आणि मोडकळीला आलेल्या जपानमधून मारू आणि किरुको यांचा प्रवास बारकाव्यांनी भरलेला आहे. तरी ती सरसकट सुचवताना माझा हात आखडतो. शेवटाकडे लैंगिक अत्याचाराचा एक प्रसंग आहे, ज्याची पूर्वसूचना बहुतेक शिफारसींत दिली जात नाही, आणि पहिला हंगाम त्यात समांतर चालणारी दोन कथानके परस्परांशी पुरती न जोडता संपतो. मसाकाझु इशिगुरो यांची मंगा पुढे वाचण्याची तयारी असेल तरच ती सुरू करावी.